प्रस्तावना : नाडीपर्यंत पोचणारे पाणी

गडचांदुरात पाण्याविषयी बोलायला बसले की बोलणे हळूहळू धुळीवर जाते. ते साहजिक आहे. कोरपना तालुक्याचा हा भाग चुनखडीच्या थरांवर बसला आहे, आणि आवारपूर, उपरवाही, नारंडा ही एरवी तालुक्याबाहेर कोणी उच्चारली नसती अशी नावे सिमेंटमुळे महाराष्ट्राला माहीत झाली. कापसाच्या पानांवर बसलेली पांढुरकी पूड दिसते, खोकला ऐकू येतो. त्यासाठी निवेदने देता येतात, रस्ता अडवता येतो. पाण्यात विरघळलेल्या क्षारांसाठी रस्ता कोणी अडवत नाही. ज्या पाण्याला रंग नाही, वास नाही आणि चव बरी आहे, त्याच्याविरुद्ध माणूस तक्रार तरी काय करणार?

ही पुस्तिका अशा पाण्याबद्दल आहे. त्याच्या परिणामांपैकी ज्याचा विचार आपल्याकडे जवळजवळ होतच नाही तो परिणाम, म्हणजे हृदय आणि रक्तवाहिन्यांवरचा, तिने हाती घेतला आहे. आशाताई, अंगणवाडीसेविका, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आणि शाळेत विज्ञान शिकवणारा शिक्षक हे तिचे पहिले वाचक. डॉक्टरांनीही वाचली तर हरकत नाही. त्यांच्या पाठ्यपुस्तकात आर्सेनिक असते, पण ते बहुधा विषप्रयोगाच्या प्रकरणात असते.

पुस्तिकेत आर्सेनिकचे नाव पानोपानी येते म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. चंद्रपूर जिल्ह्याच्या भूजलातला सिद्ध झालेला, सरकारी अहवालांत वर्षानुवर्षे येणारा दोष फ्लोराइडचा आहे. कोरपना, राजुरा, वरोरा, भद्रावती, चिमूर, सिंदेवाही अशा तालुक्यांतल्या काही विहिरी-बोअरचे पाणी त्यात सापडते, आणि नदीपलीकडे यवतमाळच्या केळापूर-झरी भागातही तीच गोष्ट. त्याच्या जोडीला नायट्रेट. आर्सेनिकचे जवळचे ठाणे राज्याच्या सीमेपलीकडे आहे, त्याकडे पुढे येऊच. तरीही ही पुस्तिका आर्सेनिकवर आहे, कारण पाणी आणि हृदय यांचा संबंध जगात सर्वांत बारकाईने या एका मूलद्रव्याच्या बाबतीत तपासला गेला आहे. तो नीट समजला की आपल्या भागातले पाणी, ते कसलेही असो, कसे तपासायचे आणि त्याला काय विचारायचे हे कळते.

आधी हृदयाकडे. गडचिरोलीच्या शोधग्राममध्ये काम करणाऱ्या 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात जिल्ह्यातल्या ८६ गावांत झालेल्या प्रत्येक मृत्यूचे कारण घरोघरी जाऊन, नातेवाइकांशी बोलून नोंदवले. डॉ. योगेश्वर काळकोंडे, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. १५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू लकव्याचे, म्हणजे मेंदूच्या पक्षाघाताचे होते. दर सात मृत्यूंमागे एक. मलेरिया, क्षय, जुलाब, साप यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात मृत्यूचे पहिले कारण लकवा निघाले, आणि त्यांतली बहुतेक माणसे घरीच गेली. भाताच्या बांधीत राबणाऱ्या, उन्हातान्हात चालणाऱ्या माणसाला हा 'शहरी' आजार होत नाही, ही आपली समजूत त्या एका यादीने मोडली.

याची कारणे म्हणून तपासणी न झालेला रक्तदाब, मीठ आणि तंबाखू पुढे येतात. त्यात खोट काही नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत खर्रा हा पाहुणचाराचा भाग आहे. पानठेल्यावर पन्नीत घोटून दिलेला खर्रा ज्याने पाहिला नाही त्याने हे दोन जिल्हे पाहिले नाहीत. तेव्हा गडचिरोलीतला लकवा पाण्याने होतो असे या पुस्तिकेत कुठेही म्हटलेले नाही आणि कोणी म्हणू नये. तिचे म्हणणे त्याहून साधे आहे. हृदयविकाराच्या चौकशीत आपण तंबाखू विचारतो, दारू विचारतो, घरात कोणाला होता का हे विचारतो. पिण्याचे पाणी कुठले, हे विचारत नाही. आणि जे विचारलेच जात नाही ते कारणांच्या यादीत कसे येणार?

पाण्याचा जो दोष शरीरावर वरून दिसतो तेवढाच आपण मोजतो, आणि माझ्या मते या विषयाची खरी अडचण तिथेच आहे. फ्लोराइडचे दात दिसतात. पिवळे-तपकिरी पट्टे पडलेले दात शाळेच्या फोटोतही ओळखू येतात; पुढे गुडघे वाकतात, पाठ ताठरते. म्हणून त्याची दखल घेतली गेली. नेल्लोर भागातला हा आजार १९३७ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि आपल्या नागपूरच्या 'नीरी'ने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची 'नलगोंडा पद्धत' काढली. आर्सेनिकही त्वचेवर खुणा सोडते: छाती-पाठीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपायांवर खरखरीत गाठी. बंगालमध्ये त्याचा छडा त्वचेवरूनच लागला. पण धमनीच्या आतल्या भिंतीवर जे होते ते कोणाला दिसत नाही. पन्नाशीचा माणूस छातीत कळ येऊन गेला तर गाव म्हणते, अटॅक आला. मृत्यूच्या दाखल्यावरही तेच येते. पाण्याचे नाव कुठेच लागत नाही, आणि लागत नाही म्हणून नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणून पाणी निर्दोष ठरते.

आता हातपंपाबद्दल. पुस्तिका वाचून कोणी त्याच्या नावाने बोटे मोडू लागला तर ते अन्यायाचे होईल, म्हणून हा इतिहास सांगायला हवा. आपल्या देशात गावोगाव जो हातपंप दिसतो, तो 'इंडिया मार्क २', त्याचे पूर्वज मराठी मुलखातले आहेत. ओतीव लोखंडाचे जुने पंप गावाच्या वापराखाली महिन्या-दोन महिन्यांत मोडत, तेव्हा मिशनरी मंडळींच्या कार्यशाळांत 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप' तयार झाले. त्यांच्यातूनच युनिसेफच्या मदतीने १९७०च्या दशकात तो प्रसिद्ध पंप घडला. १९७२च्या दुष्काळाने महाराष्ट्राला विंधण विहिरीची ओढ लावली. खडकात खोल गेलेल्या नळीतून येणाऱ्या पाण्यात जंतू कमी. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या गावांना छळणारा नारू गेला, पटकीची साथ मागे हटली. २०००मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यात या पंपाचा मोठा वाटा आहे. विदर्भात हातपंपालाच 'बोरिंग' म्हणतात आणि ज्या पाड्यावर बोरिंग आहे तिथल्या बाईचे रोजचे किती श्रम वाचले हे तिलाच विचारावे. जिवतीच्या डोंगरावरच्या कोलाम आणि गोंड पाड्यांत अजूनही उन्हाळ्यात नाल्यातला झिरा उकरून गुंड भरावा लागतो. तिथे खोल पाण्याची निंदा करायला गेलात तर लोक हसतील.

हिशेबात चूक झाली ती एवढीच, की पाण्यात जंतू नसले म्हणजे पाणी शुद्ध, असे धरले गेले. बंगालमध्ये याची किंमत फार मोठी पडली. १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे २४ परगणा जिल्ह्यातून आलेल्या रुग्णांच्या त्वचेवरच्या खुणा आर्सेनिकच्या निघाल्या. पुढे जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्ती यांनी तीस वर्षे हजारो कूपनलिकांचे नमुने गोळा करत हा प्रश्न देशापुढे आणि जगापुढे मांडला, तोही सरकारी नाराजी पत्करून. बांगलादेशात ते १९९३ मध्ये उघडकीस आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २०००मध्ये अॅलन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी या प्रकाराला इतिहासातली एखाद्या लोकसमूहाची सर्वांत मोठी विषबाधा म्हटले. ज्या नळ्या मुलांना जुलाबापासून वाचवण्यासाठी खोदल्या होत्या त्यांतूनच ती झाली होती.

बंगालचे आर्सेनिक गाळाच्या जमिनीतले. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात लोहाच्या कणांना ते चिकटलेले असते; खाली प्राणवायू संपला आणि सेंद्रिय द्रव्य कुजू लागले की लोह विरघळते आणि त्याच्याबरोबर आर्सेनिकही पाण्यात उतरते. आपल्याकडे तसा गाळ नाही, तेव्हा आपल्याला भीती नाही, असे बरीच वर्षे मानले गेले. मग १९९९ मध्ये चक्रवर्तींच्या गटाने तेव्हाच्या राजनांदगाव जिल्ह्यातल्या कौडीकसा आणि आसपासच्या गावांचा अहवाल 'करंट सायन्स'मध्ये छापला. तेव्हा ते मध्यप्रदेशात होते, आज छत्तीसगडमध्ये. अंबागड चौकीचा हा भाग गडचिरोलीच्या कोरची-कुरखेडा बाजूला लागून आहे. गोंडी, छत्तीसगडी आणि मराठी तिथे एकाच बाजारात बोलली जाते. गाळाचा तिथे पत्ता नाही. जुने ज्वालामुखी खडक आणि ग्रॅनाइट आहेत, आणि त्या खडकांतच आर्सेनिक आहे. बंगालमध्ये उघड्या विहिरी बहुधा सुरक्षित निघाल्या होत्या; कौडीकशाला विहिरीही दूषित निघाल्या. म्हणजे 'बोअरचे नको, विहिरीचे प्या' हा बंगालचा धडा जसाच्या तसा इथे चालत नाही.

गडचांदूरहून कौडीकसा दूर आहे, खडकही वेगळा. गडचांदूरखाली चुनखडी आणि शेल, जिवतीच्या डोंगरावर काळा पाषाण, राजुरा-सास्ती-घुग्घुसकडे कोळशाचे थर. एकाच जिल्ह्यात जमिनीखालचा नकाशा तीनदा बदलतो, म्हणूनच एका गावाच्या पाण्यावरून दुसऱ्याचे ठरवता येत नाही. कोळशाविषयी एक गोष्ट पुस्तिकेत थोडक्यात आहे, ती मी इथे अधोरेखित करतो. दगडी कोळशात गंधकयुक्त खनिजे असतात आणि त्यांच्यात आर्सेनिकचा अंश असतो. कोळसा जळला की तो राखेत उतरतो. चंद्रपूरसारख्या औष्णिक वीजकेंद्राच्या जिल्ह्यात राखेच्या तळ्याजवळचे पाणी या एका कारणाने तरी नियमित तपासावे. यात कोणावर आरोप नाही. राख आहे तिथे राखेतल्या गोष्टी मोजाव्यात, एवढेच.

हृदयाचा धागा पकडायला मात्र आपल्याला फार लांब जावे लागते. तैवानच्या नैऋत्य किनाऱ्यावर उथळ विहिरींचे पाणी खारट म्हणून गेल्या शतकाच्या सुरुवातीला खोल कारंजी विहिरी खोदल्या गेल्या. काही दशकांत तिथल्या शेतकरी-मच्छीमारांत एक भयंकर रोग दिसू लागला. पायाची बोटे बधिर, मग थंड, मग काळी, शेवटी कापावी लागत. लोकांनी त्याला काळ्या पावलाचा रोग म्हटले. तो त्वचेचा रोग नव्हता. पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या बंद होत होत्या, कारण त्या विहिरींत आर्सेनिक होते. चेन चिएन-जेन या साथरोगतज्ज्ञाने पुढे दाखवले की जे लोक ते पाणी जास्त वर्षे प्याले त्यांच्यात हृदयाच्या धमन्यांचे विकारही त्याच प्रमाणात जास्त होते. हे गृहस्थ नंतर तैवानचे उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान झाले. विहिरींचा अभ्यास करून माणूस तिथवर पोचला याचे मला कौतुक वाटते. आपल्याकडे विहिरींचा अभ्यास करणाऱ्याची बदली होते.

पण मला सर्वांत जास्त विचार करायला लावले ते चिलीने. अँटोफगास्ता हे उत्तर चिलीतले बंदराचे शहर, भोवती जगातले सर्वांत कोरडे वाळवंट. पाणी पुरेना म्हणून १९५८ मध्ये अँडीज पर्वतातल्या टोकोन्से नदीचे पाणी नळाने आणले. नदीचे पाणी, पर्वतातले, नितळ. त्यात लिटरला सुमारे ८६० मायक्रोग्रॅम आर्सेनिक होते, आजच्या मर्यादेच्या ८६ पट. सगळ्या शहराला एकच नळयोजना, त्यामुळे गरीब-श्रीमंत सगळे तेच प्याले. १९७०मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झाले आणि आर्सेनिक एकदम खाली आले. कोणत्याही संशोधकाने मुद्दाम रचला नसता असा हा प्रयोग आपोआप घडला: अमुक वर्षी सुरू, अमुक वर्षी बंद. त्या काळातल्या शवविच्छेदनांत लहान मुलांच्या हृदयधमन्या जाड झालेल्या सापडल्या होत्या. अॅलन स्मिथ यांच्या गटाने नंतर मृत्यूंच्या नोंदी काढल्या. फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचे मृत्यू पाणी सुधारल्यावरही दशकानुदशके वाढत राहिले. हृदयविकाराच्या झटक्याचे मृत्यू मात्र पाणी दूषित असतानाच वाढले, तरुणांतही वाढले, आणि पाणी सुधारल्यावर इतर कारणांच्या आधी उतरू लागले.

या एका निष्कर्षासाठी पुस्तिका दोनदा वाचावी. कर्करोग वीस-तीस वर्षांनी उगवतो, म्हणून पाणी बदलण्याची घाई कोणाला वाटत नाही. हृदय लवकर बिघडते, आणि ऐकतेही लवकर. आज चाळिशीत असलेल्या माणसाचे पाणी आज बदलले तर त्याचा फायदा त्याला स्वतःला मिळू शकतो, नातवापर्यंत थांबावे लागत नाही.

एवढे आर्सेनिक आपल्याकडे कुठे असणार, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून कमी मात्रेचे अभ्यास महत्त्वाचे. बांगलादेशात आराइहजार इथे २०००मध्ये सुमारे बारा हजार लोकांचा पाठपुरावा सुरू झाला. त्यात मध्यम मात्रेलाही हृदयविकाराचे मृत्यू जास्त दिसले, आणि धूम्रपान करणाऱ्यांत ही वाढ दोन्ही धोक्यांच्या साध्या बेरजेपेक्षा मोठी होती. बिडी ओढणाऱ्या गावांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. अमेरिकेत अॅरिझोना, ओक्लाहोमा आणि डकोटातल्या आदिवासी समाजांत 'स्ट्रॉंग हार्ट स्टडी' नावाचा मोठा अभ्यास चालला. साडेतीन हजारांवर लोकांच्या लघवीतले आर्सेनिक मोजून वर्षानुवर्षे पाहिले, तेव्हा कमी-मध्यम मात्रेतही ज्यांच्यात ते अधिक होते त्यांच्यात हृदयरोगाने आणि लकव्याने मरण्याचा धोका अधिक निघाला. हे २०१३ मध्ये छापून आले. २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिक यांना हृदयविकाराचे धोकादायक घटक म्हणून मान्यता देणारे निवेदन काढले. दगडांच्या देशात, विहिरीवर जगणाऱ्या आदिवासींच्या लघवीच्या नमुन्यांतून हे ज्ञान आले, याची आठवण गडचिरोलीतल्या वाचकाने ठेवायला हरकत नाही.

शरीरात नेमके काय होते हे पुस्तिकेच्या तिसऱ्या प्रकरणात सविस्तर आहे. मी दोनच गोष्टी सांगतो. धमनीच्या आतून एक अतिशय पातळ अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करून धमनीला सैल ठेवते. आर्सेनिक हे काम बिघडवते. धमनी आवळलेली राहते, रक्तदाब चढतो, अस्तराला सूज येते आणि चरबी तिथे साचू लागते. दुसरी गोष्ट यकृताची. यकृत आर्सेनिकवर प्रक्रिया करून ते लघवीवाटे बाहेर टाकते, आणि त्या कामाला फोलेट आणि प्रथिने लागतात. ज्याच्या ताटात डाळ, पालेभाजी, अंडे कमी, त्याच्या शरीरातून विष हळू निघते. एकाच बोअरचे पाणी पिणाऱ्या दोन घरांत एकाला त्रास होतो आणि दुसऱ्याला नाही, याचे एक कारण ताटात असते.

आता मर्यादेचा आकडा. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची तीच आणि भारतीय मानकाची मान्य मर्यादाही तीच. पण असे आकडे काढताना प्रौढ माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो असे धरलेले असते. मे महिन्यातल्या चंद्रपुरात हे गृहीतक कोणी वाचून दाखवले तर गंमत वाटेल. पारा ४६-४७ अंशांवर गेलेला, चुनखडीच्या खाणीत किंवा तेंदूपत्त्याच्या फडावर, नाहीतर डोक्यावर फडके बांधून शेतात राबणारा माणूस सहा लिटर सहज पितो. हिशेब करून पाहा. मर्यादेतल्या, १० मायक्रोग्रॅमच्या पाण्यातून दोन लिटरवाल्याच्या पोटात २० मायक्रोग्रॅम जातात. सहा लिटरवाल्याच्या पोटात ६०. म्हणजे त्याच्यासाठी ते पाणी ३० मायक्रोग्रॅमचे झाले, आणि कागदावर मात्र ते 'योग्य'च राहिले. अमेरिकेत एकेकाळी फ्लोराइडचे प्रमाण गावाच्या तापमानानुसार कमी-जास्त ठेवत, याच कारणाने. तपासणीच्या अहवालात आकडा मर्यादेच्या थोडा आत असेल तर उन्हात राबणाऱ्यांच्या गावाने त्यावर निर्धास्त होऊ नये, हे माझे मत आहे. भाताचेही इथे आले. भात शिजताना पाणी पिऊन घेतो. पाणी दूषित असेल तर घरच्या भातातून त्याचा दुसरा हप्ता पोटात जातो.

गडचांदूरच्या वाचकांना एक चांगली बातमीही द्यावीशी वाटते, थोडी जपून. इथले पाणी जड. डाळ लवकर शिजत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, आणि सगळे जण त्याला मुतखड्याचे कारण म्हणून शिव्या देतात. पाणी आणि हृदयाचा संबंध जगात प्रथम ज्या वाटांनी लक्षात आला त्यांत हे जड पाणीही होते. १९५७ मध्ये जपानी शास्त्रज्ञ जुन कोबायाशी यांनी नद्यांच्या पाण्याचा रासायनिक गुण आणि लकव्याने होणारे मृत्यू यांचा मेळ दाखवला. मग अमेरिकेत आणि इंग्लंडात मऊ पाण्याच्या गावांत हृदयविकाराचे मृत्यू थोडे जास्त दिसले. जड पाण्यातले मॅग्नेशियम हृदयाला हितकर असावे असा तर्क आहे. पुरावा इतका पक्का नाही की जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर मर्यादा ठरवावी. पण जड पाण्याला दोष देत घरोघरी आरओ यंत्र बसवणाऱ्यांनी एवढे समजून घ्यावे, की ते यंत्र नको ते काढते तसे हवे तेही काढते. आर्सेनिक वा फ्लोराइड निघाले असेल तर ते जरूर बसवावे. चव आवडत नाही म्हणून बसवणे ही वेगळी गोष्ट.

उपायांच्या प्रकरणाबद्दल फार बोलत नाही, ते स्वतःच स्पष्ट आहे. एक चूक मात्र इतक्या घरांत होते की इथेच लिहितो: पाणी उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. उलट वाफ गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. क्लोरीन, मेडिक्लोर, कापडाची गाळणी, यांचाही आर्सेनिकवर उपयोग नाही. गावात तुरटी फिरवली म्हणून निश्चिंत राहू नये.

तपासणीशिवाय गत्यंतर नाही, आणि तपासणीतही एक मेख आहे. जलसुरक्षकाला मिळणाऱ्या बहुतेक किटांत पीएच, जडपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह असते; आर्सेनिकची चाचणी वेगळी मागावी लागते. तिच्यात विषारी वायू निघतो आणि कागदावरचा पिवळा-तपकिरी डाग नजरेने वाचावा लागतो, तेव्हा वर्गात मुलांसमोर ती करू नये. नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावा, आणि अर्जावर 'आर्सेनिकसह' असे स्पष्ट लिहावे. न लिहिल्यास नेहमीच्याच गोष्टी तपासून अहवाल येतो, आणि त्यावर 'पिण्यास योग्य' असा शिक्का असतो.

बांगलादेशाने सुमारे ५० लाख नळ्या तपासल्या आणि चांगल्या नळीला हिरवा, वाईट नळीला लाल रंग दिला. सुमारे १४ लाख लाल निघाल्या. लोकांनी यंत्रांची वाट फार पाहिली नाही. लाखो बायका थोडे अधिक चालून शेजारच्या हिरव्या नळीवर जाऊ लागल्या. आपल्या भागातही बोअरच्या बाबतीत असे असते, की पन्नास पावलांवरच्या दोन नळ्यांचे पाणी वेगळे. म्हणून सबंध गावाच्या नावाने एकच अहवाल काढणे म्हणजे फसवणूक आहे. प्रत्येक स्रोताचा वेगळा हवा. गडचांदूर शहराला अमलनाला धरणाचे पाणी आहे, त्याचा प्रश्न वेगळा. मला काळजी आहे ती धरणाच्या नळापलीकडच्या वस्त्यांची.

शेवटी आशाताईंना एक विनंती. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी तुम्ही जो सीबॅक फॉर्म भरता, त्यात तंबाखू आहे, दारू आहे, कमरेचा घेर आहे, घरातल्या कोणाला बीपी-शुगर होती का हेही आहे. चूल कशावर पेटते हेसुद्धा त्यात विचारले आहे. पाणी कुठले, हे नाही. फॉर्म बदलायला मुंबई-दिल्लीचे सरकार लागेल आणि त्याला वेळ लागेल. तोवर फॉर्मच्या कडेला पेन्सिलीने एवढेच लिहा: हे घर कुठल्या हातपंपाचे पाणी पिते, आणि किती वर्षे. पेन्सिलीच्या त्या नोंदी आणि प्रयोगशाळेचे अहवाल एकत्र ठेवून कसे वाचायचे, ते सहाव्या प्रकरणात दिले आहे.